रंगाच्या पाण्यावर तंतूचा उतारा
छोट्या रंगाई कारखानदारांनी समजून घ्यावे असे तंत्र

रंगाऱ्यांच्या कोणत्याही गल्लीत सकाळी चक्कर मारावी. आज कोणत्या कारखान्यात कोणता रंग चालू आहे हे आत जाऊन विचारावे लागत नाही. बाहेरचे गटारच ते सांगते. काल लाल होते, आज निळे आहे, उद्या काळे असेल. पिढ्यान्‌पिढ्या आपण हे पाहत आलो, त्यामुळे त्यात काही वावगे आहे असे वाटेनासे झाले. परंतु गटारातून वाहणारा तो रंग आपण रोख पैसे मोजून आणलेला असतो. तो नदीनाल्यात गेला की शेजाऱ्याच्या विहिरीचे नुकसान, शेतकऱ्याच्या जमिनीचे नुकसान आणि शेवटी नोटीस आपल्याच दारावर. म्हणजे एकाच मालाचे पैसे आपण दोनदा भरतो.

मालेगाव, भिवंडी, सोलापूर, इचलकरंजी या गावांत माग आहेत आणि मागाच्या जोडीला सूत व कापड रंगवण्याचे काम आहे. या धंद्यावर आपल्या समाजातील असंख्य कुटुंबांची रोजी-रोटी चालते. मोठ्या गिरणीला सांडपाण्याचा स्वतंत्र प्रकल्प उभारता येतो. दोन हौद, एक भट्टी आणि चार माणसे एवढ्यावर चालणाऱ्या कारखान्याने काय करावे, हा खरा प्रश्न आहे. या प्रश्नाच्या एका भागाला चांगले उत्तर उपलब्ध आहे. काथ्या, उसाचे चिपाड, केळीचे सोपट, वाया गेलेले सूत अशा साध्या तंतूंवर रासायनिक संस्कार करून त्यांच्याकडून पाण्यातला रंग धरून घ्यायचा, हे ते उत्तर होय. ते कोठे चालते आणि कोठे चालत नाही, हे नीट समजून घेतले तरच त्याचा फायदा आहे. अर्धवट माहितीवर खर्च केला तर पैसे जातील आणि नोटीसही टळणार नाही.

तिरुप्पूरचा धडा

तामिळनाडूतील तिरुप्पूर हे होजिअरीचे, म्हणजे बनियन आणि टी-शर्टचे देशातील सर्वांत मोठे केंद्र. तेथील रंगाई कारखान्यांचे पाणी वर्षानुवर्षे नोय्यल नदीत जात होते. खाली ओरथुपाळयम येथे शेतीसाठी धरण बांधले होते. त्या धरणात शेतीच्या पाण्याऐवजी रंगाचे आणि मिठाचे पाणी साठू लागले. शेते खारावली, विहिरी नासल्या. अखेर नोय्यलकाठच्या शेतकऱ्यांची संघटना न्यायालयात गेली.

मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये कारखान्यांना कडक आदेश दिले. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखानदारांना सूट दिली नाही. तरीही सुधारणा पुरेशी झाली नाही, तेव्हा २८ जानेवारी २०११ रोजी उच्च न्यायालयाने सातशेहून अधिक रंगाई आणि ब्लीचिंग कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. एका आदेशाने सगळ्या गावाचा धंदा अडकला. शिलाईची यंत्रे चालू, पण कापड रंगवणार कोठे? माल बाहेरच्या जिल्ह्यांत आणि राज्यांत पाठवण्याची पाळी आली. पुढे ज्यांनी सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था केली त्यांचेच कारखाने परत सुरू झाले. तेथे आता पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, मिठाचे द्रावणही परत हौदात घेतात.

यातून आपण घ्यायचा धडा साधा आहे. शेतकऱ्याने तक्रार करेपर्यंत आणि न्यायालयाने कुलूप लावेपर्यंत थांबलो तर उपाय निवडण्याची मुभा आपल्या हाती राहत नाही. वेळ आपल्या हाती आहे तोवर लहान उपाय करता येतात.

रंग गटारात का जातो?

सुती मालासाठी आज सर्वांत जास्त चालतो तो रिॲक्टिव्ह रंग. इंग्लंडच्या आय.सी.आय. कंपनीने १९५६ मध्ये ‘प्रोसिऑन’ नावाने तो बाजारात आणला. हा रंग सुताशी रासायनिक गाठ बांधतो, म्हणून धुलाईत टिकतो. पण हौदातला सगळाच रंग सुताला लागत नाही. रंगाची जात, छटेची खोली आणि कारागिराचा हात यांवर अवलंबून साधारण शंभरातील दहा ते चाळीस भाग रंग न लागता मागे राहतो.

हा उरलेला रंग दुसऱ्या घाणीसाठी का वापरू नये, असे कोणी विचारील. अडचण अशी की सोड्याच्या गरम पाण्यात रिॲक्टिव्ह रंग सुताशी जशी गाठ बांधतो तशीच पाण्याशीही बांधतो. एकदा पाण्याशी गाठ बांधली की त्याची सुताला धरण्याची ताकद संपते. दिसायला तो रंगच असतो, पण कामाचा नसतो. वारंवार धुलाई करून आपण सुतावरचा हाच मेलेला रंग काढत असतो.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हौदात मीठ का टाकतात हे प्रत्येक रंगाऱ्याला सवयीने माहीत आहे, पण त्याचे कारण फार थोडे जण सांगतात. रिॲक्टिव्ह रंगाच्या कणावर पाण्यात ऋण विद्युतभार असतो. सुतावरही पाण्यात थोडा ऋण भारच असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. मीठ मध्ये येऊन हा दुरावा कमी करते आणि रंग सुताकडे सरकतो. तंतूने रंग धरण्याचे सारे तंत्र याच एका गोष्टीवर उभे आहे. तंतूवर ऋण भाराऐवजी धन भार बसवता आला तर तो रंगाला मिठाशिवायही ओढून घेईल. मेलेला रंगसुद्धा तो धरील, कारण रंगाची गाठ बांधण्याची ताकद संपली तरी त्याच्यावरचा ऋण भार तसाच राहतो.

कच्चा तंतू आणि तयार तंतू

शेतीतला टाकाऊ माल वापरून पाण्यातला रंग काढण्याचे प्रयोग जुने आहेत. १९७६ मध्ये बेलफास्ट येथील संशोधकांनी पीट नावाची दलदलीतली माती आणि लाकडाचा भुसा यांवर रंग धरण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्याकडे तिरुप्पूरच्या जवळच असलेल्या कोईमतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नामशिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या खुंटाचा गाभा, संत्र्याची साल आणि काथ्याचा भुसा यांवर अनेक वर्षे काम केले. केळीच्या गाभ्यावरील त्यांचा निबंध १९९२ चा आहे. पुढे त्यांनी काथ्याच्या भुशावर साबणासारख्या धनभारी रसायनाचा थर देऊन ऋणभारी रंग अधिक चांगले धरता येतात हेही दाखवले.

या सगळ्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. कच्चा तंतू रंग धरतो, पण थोडा. शिवाय काथ्या, भुसा, चिपाड यांतून स्वतःचा तपकिरी अर्क पाण्यात उतरतो. निळे पाणी स्वच्छ करायला जावे आणि चहासारखे पाणी हाती यावे, असा प्रकार होतो. म्हणून तंतू आधी धुऊन, उकळून, त्यावर संस्कार करावा लागतो. हे संस्कार मुख्यतः दोन प्रकारचे आहेत.

पहिला प्रकार लिंबूसत्वाचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा. तंतू त्याच्या द्रावणात भिजवायचा, वाळवायचा आणि साधारण १२० अंश सेल्सिअस तापमानावर भट्टीत तापवायचा. तापवल्यावर आम्ल तंतूला जोडले जाते आणि तंतूवर ऋण भाराच्या जागा वाढतात. नंतर उरलेले आम्ल धुऊन काढायचे. रसायन साधे, खाद्यपदार्थांतही वापरले जाणारे आणि हाताळायला सोपे आहे.

दुसरा प्रकार धन भार बसवण्याचा. यात कॉस्टिकच्या पाण्यात चतुर्थक अमोनियम जातीचे रसायन तंतूला जोडतात. याच जातीचे रसायन काही गिरण्या बिनमिठाच्या रंगाईसाठी सुतावर वापरतात. असा तंतू रिॲक्टिव्ह, डायरेक्ट आणि ॲसिड रंगांना जोराने धरतो. पाणी आम्ल असो वा अल्कली, हा धन भार टिकून राहतो, हा त्याचा मोठा गुण आहे. परंतु हे काम घरामागच्या पडवीत करण्याचे नव्हे. प्रक्रियेत तयार होणारे इपॉक्साइड जातीचे रसायन त्वचेला आणि शरीराला घातक आहे. त्यामुळे हा तंतू रसायनांची जाण असलेल्या कारखान्यातूनच तयार घ्यावा. मुलाबाळांचा वावर असलेल्या घरात हा प्रयोग कोणीही करू नये.

कोणत्या रंगाला कोणता तंतू?

येथेच सर्वांत जास्त फसगत होते. एखाद्या प्रात्यक्षिकात बाटलीभर निळे पाणी क्षणात पांढरे करून दाखवतात. ते निळे पाणी बहुधा मिथिलीन ब्लूचे असते. मिथिलीन ब्लू हा बेसिक रंग, त्यावर धन भार असतो, आणि साधा भुसाही त्याला बऱ्यापैकी धरतो. आपल्या हौदातला निळा मात्र रिॲक्टिव्ह असतो आणि त्यावर ऋण भार असतो. पहिल्याला धरणारा तंतू दुसऱ्याला दूर लोटतो. म्हणून पुढील गोष्टी पाठ करून ठेवाव्यात.

बेसिक रंग, जे ॲक्रिलिक लोकर, ताग आणि कागदाच्या कामात चालतात, त्यांना लिंबूसत्वाचा ऋणभारी तंतू लागतो.

रिॲक्टिव्ह, डायरेक्ट आणि ॲसिड रंगांना धनभारी तंतू लागतो. सूत, रेशीम आणि लोकर रंगवणाऱ्यांचा संबंध याच्याशी आहे.

पॉलिस्टरचे डिस्पर्स रंग पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपाने तरंगत असतात. व्हॅट आणि सल्फर रंगही हवा लागल्यावर न विरघळणारे होतात. यांच्यासाठी आधी तुरटी, चुना किंवा हिराकस टाकून गाळ बसवणे हाच जास्त उपयोगी मार्ग आहे. तेथे भारित तंतूवर खर्च करण्यात अर्थ नाही.

ज्याच्या कारखान्यात आज सूत आणि उद्या पॉलिस्टर चालते त्याने दोन्ही पाणी एका टाकीत सोडू नये. वेगवेगळे पाणी ठेवले तर उपाय स्वस्त पडतो.

हौदाचे पाणी वेगळे, धुलाईचे वेगळे

आता हिशेब मांडू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यात आपले आकडे घालून पाहावेत.

समजा ५० किलो सूत ३ टक्के छटेत रंगवायचे आहे. रंग लागेल दीड किलो. त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ३७५ ग्रॅम, सुताला लागला नाही. त्यातील १७५ ग्रॅम हौदाच्या पाण्याबरोबर गेला आणि २०० ग्रॅम नंतरच्या धुलायांत निघाला. हौद ५०० लिटरचा आणि धुलाईचे पाणी २००० लिटर. म्हणजे धुलाईच्या दर लिटर पाण्यात १०० मिलिग्रॅम रंग आहे.

कच्चा तंतू दर किलोला ५ ग्रॅम रंग धरतो असे मानले तर हे २०० ग्रॅम काढायला ४० किलो तंतू लागेल. रोज ४० किलो आणायचा, भिजवायचा आणि ओला काढून ठेवायचा, हे कोणाला परवडणार? तयार तंतू दर किलोला ५० ग्रॅम धरील असे मानले तर ४ किलोत काम होते. प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यात याहून मोठे आकडे मिळतात, पण कारखान्याचे पाणी शुद्ध नसते. त्यात मीठ, सोडा, साबण आणि सुताचा कचरा असतो. म्हणून विक्रेत्याचा आकडा अर्ध्यावर आणूनच हिशेब करावा.

मिठाची गोष्ट तर फारच महत्त्वाची आहे. वरच्या उदाहरणात हौदात दर लिटरला ५० ग्रॅम मीठ टाकले तर ५०० लिटरला २५ किलो मीठ लागते. मिठातला क्लोराइडही ऋणभारी असतो. धनभारी तंतूवरच्या जागांसाठी तो रंगाशी स्पर्धा करतो. त्यामुळे हौदाच्या खाऱ्या पाण्यात महागाचा तंतूही निम्म्याहून कमी काम देऊ शकतो. धुलाईच्या पाण्यात मीठ कमी आणि रंगाचे प्रमाण बेताचे, म्हणून तंतूची खरी जागा तेथे आहे. पहिल्या धुलाईनंतरचे दुसरे, तिसरे आणि चौथे पाणी तंतूतून काढले तर ते पुढच्या घाणीच्या पहिल्या धुलाईला वापरता येते. ज्या गावात टँकरने पाणी विकत घ्यावे लागते तेथे हाच सर्वांत मोठा फायदा आहे.

तंतू मीठ काढत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी जी मानके जाहीर केली, त्यांत रंगाची मर्यादा १५० एकके आहे. त्याचबरोबर बी.ओ.डी. दर लिटरला ३० मिलिग्रॅम, सी.ओ.डी. २५० मिलिग्रॅम आणि विरघळलेले क्षार २१०० मिलिग्रॅम अशीही बंधने आहेत. आपल्या उदाहरणातले हौदाचे आणि धुलाईचे सगळे पाणी एकत्र केले तर २५०० लिटरमध्ये २५ किलो मीठ, म्हणजे दर लिटरला १०,००० मिलिग्रॅम. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसले तरी ते मर्यादेच्या जवळजवळ पाचपट खारट आहे. तिरुप्पूरच्या जमिनी रंगाबरोबर या मिठानेही खराब केल्या. म्हणून हौदाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे आणि धुलाईचे पाणी तंतूतून काढून परत वापरणे, ही विभागणी छोट्या कारखान्याला झेपण्यासारखी आहे. याच्या जोडीला कमी मिठात लागणारे रंग वापरले आणि हौदातले पाणी कमी केले तर केंद्राकडे पाठवायचे पाणीही घटते.

बाटलीची परीक्षा

खर्च करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या पाण्यावर परीक्षा घ्यावी. त्यासाठी यंत्र लागत नाही.

एकाच धुलाईचे पाणी थंड होऊ द्यावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे. पीएच कागदाने तपासून, सोडा जास्त असेल तर थोडे ॲसिटिक ॲसिड घालून पाणी सातच्या आसपास आणावे. तीन पांढऱ्या काचेच्या बाटल्यांत एक-एक लिटर पाणी भरावे. पहिलीत काही टाकू नये. दुसरीत पाच ग्रॅम धुतलेला कच्चा तंतू टाकावा. तिसरीत पाच ग्रॅम तयार तंतू टाकावा. दोन तास अधूनमधून हलवत राहावे. मग तिन्ही गाळून पांढऱ्या कागदासमोर शेजारी-शेजारी ठेवावे. फरक डोळ्यांना दिसेल.

हाच प्रयोग हौदाच्या खाऱ्या पाण्यावरही करावा, म्हणजे मिठाचा परिणाम कळेल. तिसऱ्या बाटलीतला तंतू काढून नवीन रंगीत पाण्यात टाकावा आणि तो किती वेळा काम देतो हे मोजावे. शेवटी त्या तंतूला साध्या पाण्यात रात्रभर ठेवावे. सकाळी पाणी रंगले असेल तर तंतूने रंग धरला नव्हता, नुसता भिजवून घेतला होता.

डोळ्यांच्या परीक्षेवर थांबू नये. आधीचे आणि नंतरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत देऊन रंग, सी.ओ.डी. आणि क्षार हे तिन्ही मोजून घ्यावेत. मंडळाचा अधिकारी डोळ्यांनी नव्हे, कागदावरच्या आकड्यांनी निर्णय घेतो.

कारखान्यात हे काम उभे करताना पाणी प्रथम जाळीतून गाळून, टाकीत निवळू द्यावे आणि मगच तंतू भरलेल्या पिंपातून वरून खाली सावकाश सोडावे. बारीक भुकटीपेक्षा तंतूचा फायदा येथे दिसतो. भुकटी पाण्यात मिसळली की ती परत गाळून काढणे हेच मोठे काम होते. तंतू पिंपात दाबून भरता येतो, पाणी त्यातून वाट काढते आणि रंग भरल्यावर तो हाताने उपसता येतो. हातमोजे मात्र घालावेत. दोन पिंपे एकापुढे एक ठेवावीत. पहिल्यातून रंगीत पाणी उतरू लागले की त्यातला तंतू बदलून ते मागे लावावे आणि मागचे पुढे घ्यावे. अशाने तंतू पुरेपूर वापरला जातो.

रंग भरलेल्या तंतूचे काय करावे?

तंतूने धरलेला रंग नाहीसा होत नाही, तो फक्त पाण्यातून तंतूवर येतो. चार किलो ओला रंगीत तंतू उकिरड्यावर फेकला आणि पहिल्या पावसात तो रंग पुन्हा नाल्यात गेला, तर सारा खटाटोप फुकट.

तो भट्टीतही जाळू नये. अनेक रंगांत नायट्रोजन, गंधक आणि क्लोरीन असतात. उघड्या भट्टीत ते जळले की विषारी धूर होतो, आणि तो आधी आपल्याच कामगारांच्या छातीत जातो. भट्टीजवळ रोज बारा तास उभा राहणारा माणूस दुसरा कोणी नसून आपलाच भाऊ असतो.

योग्य मार्ग असा. रंग भरलेला तंतू निथळून, वाळवून, छपराखाली बंद पिंपात साठवावा. घातक कचऱ्याबाबत २०१६ चे नियम आहेत. आपला तंतू त्यांत कसा मोडतो हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून लेखी घ्यावे आणि परवानाधारक संस्थेकडेच तो सोपवावा. त्याची पावती सांभाळून ठेवावी. दहा-वीस कारखान्यांनी मिळून हे काम केले तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो.

कॉस्टिकने किंवा मिठाच्या पाण्याने तंतू धुऊन पुन्हा वापरता येतो, असे काही जण सांगतात. काही रंगांच्या बाबतीत ते खरे आहे. पण त्या धुलाईतून निघणारे दाट रंगीत पाणी कोठे टाकणार, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर तयार असेल तरच त्या वाटेला जावे.

विक्रेत्याला विचारण्याचे प्रश्न

बाजारात रंग घालवणाऱ्या पावडरी आणि फिल्टर घेऊन कोणी आपल्या दारात आला तर त्याला चहा जरूर पाजावा, पण पुढील प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तुमचा माल कोणत्या जातीच्या रंगासाठी आहे? ‘सगळ्या रंगांसाठी’ असे उत्तर आले तर सावध व्हावे.

माझ्या धुलाईच्या पाण्यावर, माझ्यासमोर करून दाखवाल का?

मिठाच्या पाण्यात तो दर किलोला किती ग्रॅम रंग धरतो, आणि हा आकडा कोणत्या प्रयोगशाळेचा आहे?

रंग भरल्यावर तो माल तुम्ही परत नेणार का? हे लिहून द्याल का?

यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो परत नेण्याची जबाबदारी घेतो तो धंदा करायला आला आहे. जो हात झटकतो तो फक्त माल खपवायला आला आहे.

दर काढण्याची रीतही सोपी आहे. तंतूची किंमत, तो पोहोचवण्याची आणि परत नेण्याची मजुरी हे सर्व एकत्र करावे. एका भरणीत किती हजार लिटर पाणी निघाले त्याने भागावे. आलेला दर टँकरच्या दर हजार लिटरच्या भावाशी आणि सामायिक केंद्राच्या आकाराशी ताडून पाहावा. धुलाईचे पाणी परत वापरता आले तर टँकरचा वाचलेला पैसा यातून वजा करावा. त्यानंतरच हा खर्च आहे की बचत हे ठरवावे.

व्यापाराची नवी वाट

आतापर्यंत रंगाऱ्याच्या बाजूने विचार केला. व्यापाऱ्याच्या बाजूनेही यात वाट आहे. चिंध्या, वेस्ट सूत, काथ्या आणि बारदान यांचा व्यापार आपल्या समाजात पूर्वापार आहे. जळगाव भागात केळीचे घड उतरल्यावर खुंट शेतातच पडून राहतात. कोकणात नारळाची सोडणे आहेत. उसाच्या पट्ट्यात बगॅस आहे, पण साखर कारखाने ती बॉयलरसाठी वापरतात, म्हणून ती फुकट मिळेल असे समजू नये. मागाखालचे पांढरे वेस्ट सूत तर आपल्याच गल्लीत आहे. ते तपकिरी अर्क सोडत नाही, हा त्याचा जादा गुण.

हा माल निवडून, धुऊन, संस्कार करून रंगाऱ्याला पुरवणे आणि रंग भरल्यावर परत नेणे, असा धंदा पाच-सहा तरुणांनी मिळून उभा करण्यासारखा आहे. त्यात एकाने तरी रसायनशास्त्र शिकलेले असावे, आणि सुरुवातीलाच मंडळाची संमती घ्यावी. संस्कारासाठी वापरलेल्या रसायनांचे पाणी जर आपणच गटारात सोडले, तर एका गल्लीतली घाण काढून दुसऱ्या गल्लीत टाकल्यासारखे होईल.

सल्ल्यासाठी संस्था दूर नाहीत. घाटकोपरची बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, माटुंग्याची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, माटुंग्याचीच पूर्वीची यू.डी.सी.टी. आणि आताची रसायन तंत्रज्ञान संस्था, नागपूरची ‘नीरी’ आणि इचलकरंजीची डी.के.टी.ई. या सर्व संस्था महाराष्ट्रातच आहेत. एकेकट्या कारखानदाराने जाण्यापेक्षा गल्लीतल्या दहा जणांनी मिळून आपल्या पाण्याचे नमुने घेऊन जावे. संघटनेच्या नावाने विचारलेल्या प्रश्नाला वजन असते, आणि तपासणीचा खर्चही वाटला जातो.

बाहेरच्या बाजारपेठेचाही विचार करावा. १९९४ मध्ये जर्मनीने घातक अमाइन सोडणाऱ्या काही ॲझो रंगांवर बंदी घातली तेव्हा आपल्या निर्यातदारांची धावपळ झाली. १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांवर बंदी आणली. ज्यांनी आधीच रंग बदलले होते त्यांच्या ऑर्डरी टिकल्या. आता परदेशी खरेदीदार रंगाबरोबर पाण्याचाही हिशेब मागतात. तो हिशेब दाखवणारा वहीचा कागद छोट्या कारखान्याकडे असेल तर मोठ्या निर्यातदाराचे काम त्याच्याकडे येऊ शकते.

एवढे तर करू या

हे सारे एका दिवसात होणार नाही. पण काही गोष्टी उद्यापासून करता येतात, आणि त्यांना पैसाही फारसा लागत नाही. हौदाचे आणि धुलाईचे पाणी वेगळ्या नळीने काढावे. प्रत्येक घाणीला किती रंग, किती मीठ आणि किती पाणी गेले हे वहीत लिहावे. तीन बाटल्यांची परीक्षा आपल्या हाताने घ्यावी. महिन्याभरात वही स्वतःच सांगेल की रंग कोठे वाया जातो आणि तंतूचे पिंप कोठे लावायचे.

तंतू हा काही जादूचा दिवा नव्हे. तो मीठ काढणार नाही, सामायिक केंद्राची जागा घेणार नाही, आणि चुकीच्या रंगाला लावला तर काहीच करणार नाही. पण योग्य रंगाला, योग्य पाण्यात आणि परतीच्या व्यवस्थेसह लावला तर धुलाईचे पाणी पुन्हा वापरण्याइतके स्वच्छ होऊ शकते. मग गल्लीतल्या गटाराकडे पाहून आज कोणता रंग चालू आहे हे कोणाला सांगता येणार नाही. आपल्या धंद्याला कोणाची नजर लागू नये असे वाटत असेल, तर सुरुवात त्या गटारापासून करावी लागेल.